ऊस, क्रीपर आणि १७२८ रॉकेट्स

माइनक्राफ्टमध्ये उडायचे तर दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे 'एलिट्रा' नावाचे पंख. ते 'द एंड' या दूरच्या जगात तरंगणाऱ्या जहाजांत सापडतात आणि एकदा हाती आले की डागडुजी करत कायम वापरता येतात. दुसरी गोष्ट रॉकेट. नुसत्या पंखांवर तरंगत खाली येता येते. वर झेपावायचे किंवा लांबचा पल्ला गाठायचा तर हातातले रॉकेट पेटवावे लागते, आणि पेटवलेले रॉकेट संपते. मोठ्या बांधकामावर रोज ये-जा करणाऱ्याला ती शेकड्यांनी लागतात.

रॉकेटची कृती सोपी आहे. एक कागद आणि एक भाग बंदुकीची दारू एकत्र केली की तीन रॉकेट्स तयार होतात. सामान वाहून नेण्याच्या शल्कर बॉक्सला २७ खाने असतात आणि एका खान्यात ६४ रॉकेट्स मावतात. म्हणजे भरलेल्या बॉक्समध्ये १७२८ रॉकेट्स. त्यासाठी ५७६ कागद आणि ५७६ भाग दारू हवी. कागद उसापासून होतो, तीन कांड्यांचे तीन कागद. (खेळातली ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही, साखर कारखान्यातल्या चिपाडाचा खराखुरा कागद होतोच.) दारू मिळते ती क्रीपर मारून. क्रीपर म्हणजे मुकाट्याने जवळ येऊन स्फोट करणारा हिरवा प्राणी. एका क्रीपरकडून कधी काहीच मिळत नाही, कधी एक भाग, कधी दोन, सरासरी एक. तेव्हा एका बॉक्ससाठी ५७६ कांड्या तोडायच्या आणि जवळपास तितकेच क्रीपर मारायचे. हाताने हे करायला घेतले तर उडणे बाजूलाच राहील, सगळा वेळ ऊसतोडणीत जाईल.

म्हणून खेळाडू फार्म बांधतात. फार्म म्हणजे खेळाडूने दूर उभे राहावे आणि माल आपोआप पेटीत पडत राहावा अशी रचना. मला या फार्मविषयी विशेष आस्था वाटते, कारण ते कोणी शिकवलेले नाहीत. स्वीडनच्या मार्कुस पेर्सनने २००९ मध्ये माइनक्राफ्ट लोकांपुढे ठेवले, त्याच्या मोजांग या कंपनीने २०११ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण आवृत्ती काढली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरना घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एवढ्या प्रवासात 'फार्म बांधा' असे सांगणारे बटण खेळात कधीच आले नाही. खेळाने पाणी, पिस्टन आणि प्राणी दिले. त्यांची जुळणी खेळाडूंनी शोधली. त्या शोधाचे मर्म मला असे दिसते: ऊस वाढवणे, क्रीपर जन्माला घालणे ही कामे खेळ करतच असतो. बांधणाऱ्याने ओळखायचे असते ते एवढेच, की कोणता नियम माल अडवून धरतो आहे. एक कोंडी फोडली की दुसरी समोर येते. रॉकेटच्या बॉक्सपर्यंत पोचताना अशा चार-पाच कोंड्या लागतात.

(पुढचे आकडे संगणकावरच्या जावा आवृत्तीचे आहेत. मोबाइलवरच्या बेडरॉक आवृत्तीत बरेच नियम वेगळे आहेत.)

आधी ऊस. तो कसा वाढतो हे कळायला खेळाचे घड्याळ समजून घ्यावे लागते. माइनक्राफ्टचे जग सेकंदाला २० ठोके टाकते. एका ठोक्याला 'टिक' म्हणतात. जगाचे १६ लांब, १६ रुंद आणि १६ उंच असे तुकडे पाडलेले असतात, म्हणजे एका तुकड्यात ४०९६ ठोकळे. प्रत्येक टिकला खेळ प्रत्येक तुकड्यातले तीन ठोकळे चिठ्ठी काढल्यासारखे निवडतो आणि त्यांना विचारतो: तुला काही बदलायचे आहे का? दगड गप्प बसतो. गवत शेजारच्या मातीवर पसरते. गहू एक पायरी वर चढतो. ४०९६ मुलांच्या शाळेत मास्तरांनी डोळे मिटून सेकंदाला ६० हजेरी क्रमांक पुकारत राहावेत, तसा हा प्रकार. एखाद्या मुलाचा क्रमांक लागोपाठ दोनदा येईल, एखाद्याचा पाच मिनिटे येणारच नाही. पण सरासरी काढली तर प्रत्येकाची पाळी ६८ सेकंदांनी येते.

उसाच्या शेंड्याची पाळी १६ वेळा आली की त्यावर नवी कांडी चढते. ६८ सेकंद गुणिले १६, म्हणजे साधारण १८ मिनिटे. तीन कांड्या झाल्या की वाढ थांबते. खेळातले निम्मे लोक सांगतात की वाळूत लावलेला ऊस मातीतल्यापेक्षा लवकर वाढतो. तसे काही नाही. उजेड जास्त असण्याचाही फायदा नाही. शेजारी पाणी हवे, ते असले की पुरे. पुढचे सगळे त्या चिठ्ठीवर.

आता हिशोब मांडता येतो. एक रोप तासाला सरासरी ३.३ कांड्या देते. तासात ५७६ कांड्या हव्या असतील तर सुमारे १७५ रोपे लावावी लागतील. एकेक रोप लहरी असते, कुणाची कांडी चौदा मिनिटांत येते, कुणाची तेवीस मिनिटांत. पण १७५ रोपांची बेरीज बघितली की लहरी एकमेकींना कापतात आणि तासाचा आकडा जवळपास ठरलेला येतो. याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाचा यावरचा सिद्धान्त १७१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. विमा कंपन्यांचा धंदा त्यावर उभा आहे, आणि उसाचा फार्मही.

तोडणीचे काम दोन ठोकळे करतात. 'ऑब्झर्व्हर' हा ठोकळा समोर बदल झाला की क्षणभर रेडस्टोनचा, म्हणजे खेळातल्या विजेचा, इशारा सोडतो. त्याला तिसऱ्या कांडीच्या उंचीवर बसवायचे. त्याच्या खाली, दुसऱ्या कांडीच्या समोर, पिस्टन. तिसरी कांडी आली की ऑब्झर्व्हर बघतो, पिस्टन दुसरी कांडी ढकलून तोडतो आणि तिच्यावरची तिसरीही खाली येते. बुडखा जागच्या जागी राहतो, खोडवा पुन्हा फुटतो. ऑब्झर्व्हर २०१६ मध्ये आला. त्याआधी लोक ठरावीक वेळाने सगळे पिस्टन एकदम मारणारी घड्याळे बांधत, आणि त्यात कितीतरी ऊस अर्ध्या वाढीत तुटत असे.

इथे पहिला खरा निर्णय येतो. प्रत्येक रोपामागे स्वतंत्र ऑब्झर्व्हर आणि पिस्टन द्यायचा की एका ऑब्झर्व्हरच्या इशाऱ्यावर सगळी रांग तोडायची? स्वतंत्र दिले तर एकही रोप वाट बघत थांबत नाही. पण १७५ पिस्टनना १७५ लोखंडाच्या लगडी आणि १७५ ऑब्झर्व्हरना तितकेच क्वार्ट्झ लागते, आणि क्वार्ट्झ मिळते नेदर नावाच्या आगीच्या जगात. एकाच ऑब्झर्व्हरवर रांग बांधली तर खर्च पुष्कळ वाचतो; मात्र काही रोपे तीन कांड्यांवर येऊन ताटकळतात, तर काहींची नुकती चढलेली दुसरी कांडी मध्येच तुटते आणि तिने मोजलेल्या पाळ्या वाया जातात. माझा कल दुसऱ्या पद्धतीकडे आहे. उत्पन्न घटते, पण ते जास्त रोपे लावून भरून काढता येते, आणि ऊस फुकट मिळतो.

तोडलेला ऊस गोळा करणे हे मात्र दिसते तितके सोपे नाही. काही कांड्या पाण्यात पडतात आणि वाहत जातात, काही उसाच्या बुडाशी मातीवरच पडून राहतात. जमिनीवर पडलेली वस्तू पाच मिनिटांत नाहीशी होते. त्यामुळे पुष्कळ फार्ममध्ये ऊस भरपूर तुटतो आणि पेटीत कमी येतो, आणि बांधणारा वाढीच्या नियमात दोष शोधत बसतो. यावरचा जुना उपाय म्हणजे मातीखाली रूळ टाकून त्यावर हॉपर, म्हणजे वस्तू ओढून पुढे सरकवणारा ठोकळा, बसवलेली गाडी फिरवायची. ती वरच्या ठोकळ्यातून आरपार माल ओढते. २०२२ मध्ये खेळात चिखलाचा ठोकळा आला. त्याची उंची पूर्ण ठोकळ्यापेक्षा किंचित कमी असते, म्हणून त्यावर पडलेली वस्तू खालच्या साध्या हॉपरच्या आवाक्यात येते, आणि चिखलात ऊस लागतोही. बाटलीभर पाणी मातीवर ओतले की चिखल तयार. एवढ्याशा फरकाने रूळ, गाडी, सगळा खटाटोप संपला.

उसाच्या या सगळ्या सरंजामापुढे निवडुंगाचा फार्म ठेवून बघावा. खेळातल्या निवडुंगाला शेजारी कोणताही ठोकळा चालत नाही. तसा ठोकळा असला तर तो तुटून खाली पडतो. मग करायचे काय, वाळूवर निवडुंग लावायचा आणि नवी कांडी जिथे येणार त्या जागेच्या शेजारी आधीच एक ठोकळा टांगून ठेवायचा. निवडुंग वाढतो, वाढलेला भाग त्या ठोकळ्याशेजारी येतो आणि त्याच क्षणी तुटतो. पिस्टन नाही, रेडस्टोन नाही, ऑब्झर्व्हर नाही. खाली वाहते पाणी आणि एक हॉपर, संपले. कुंपणाचा एक खांब इथे कापणीचे पूर्ण काम करतो, कारण कापणीचा नियम निवडुंगाच्या स्वभावातच होता. कोणीतरी तो वाचला. या खेळातली ही मला सर्वांत देखणी रचना वाटते. नव्याने फार्म बांधणाऱ्या मुलांना मी उसाआधी हाच बांधायला सांगेन.

आता दारू, आणि इथे प्रकरण खोल जाते.

क्रीपर, झॉम्बी, सांगाडे हे प्राणी अंधारात आपोआप जन्मतात. २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत उजेड सातपर्यंत असला तरी ते येत, १.१८ या आवृत्तीपासून ठोकळ्यावर दिव्याचा उजेड अगदी शून्य असावा लागतो. खेळाडूपासून २४ ठोकळ्यांच्या आत ते जन्मत नाहीत आणि १२८ ठोकळ्यांच्या पलीकडे गेलेला प्राणी तत्क्षणी नाहीसा होतो. म्हणून क्रीपरच्या फार्मचा साधा आराखडा असा: आकाशात बंद, अंधारे मजले बांधायचे, खेळाडूने थोडे दूर उभे राहायचे, आणि मजल्यावर जन्मलेल्या प्राण्यांना कडेवरून खाली पाडायचे. क्रीपरला २० जीव असतात, आणि पडण्याचे नुकसान म्हणजे उंचीतून तीन वजा. तेव्हा २२ ठोकळे पडलेला क्रीपर एका जीवावर तग धरून असतो आणि २३ ठोकळे पडलेला मरतो.

पण नुसत्या अंधारात झॉम्बी आणि सांगाडेही येणार. हवेत ते फक्त क्रीपर. त्यासाठी खेळाडूंनी शोधलेली युक्ती अंगाच्या मापावर बेतलेली आहे. क्रीपरची उंची १.७ ठोकळे, झॉम्बीची १.९५, सांगाड्याची १.९९. दोन ठोकळे उंचीच्या मजल्याच्या छताला खालून ट्रॅपडोअर, म्हणजे पातळ झडपा, लावले की मोकळी उंची उरते १.८ च्या जरा वर. क्रीपर मावतो, बाकीचे दोघे मावत नाहीत, म्हणून जन्मतच नाहीत. कोळी बुटका पण रुंद, त्याला एका ठोकळ्याहून अधिक मोकळी जागा लागते. मजल्यावर जागोजागी अडथळे ठेवले की तोही गेला. उरलेल्या क्रीपरना कडेकडे हुसकायला मांजर. क्रीपर मांजराला घाबरून पळतो, हा खेळातला नियम आहे, आणि एका कोपऱ्यात बसवलेले मांजर जवळपासच्या क्रीपरना दुसऱ्या बाजूच्या कडेकडे पळवते.

एवढे सगळे नीट बांधूनही पुष्कळांच्या फार्ममधून तासाला मूठभर दारू निघते. मग ते आणखी मजले चढवतात, आणि तरी फरक पडत नाही. कारण कोंडी मजल्यांत नसते. एकट्या खेळाडूच्या जगात एका वेळी साधारण ७० हिंस्र प्राणी असू शकतात. ७० भरले की नवीन जन्म थांबतो. आणि हे ७० सगळ्या परिसरातले मोजले जातात: फार्मखालच्या काळोख्या गुहांत भटकणारे झॉम्बी, कधीच न दिसणारे सांगाडे, सगळे. गुहांनी ६५ जागा अडवल्या तर तुमच्या भव्य फार्मला पाच जागा उरतात.

जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये रांगांविषयीचा एक नियम सिद्ध केला. एखाद्या जागेत सरासरी किती जण असतात, हे दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: दर सेकंदाला किती येतात आणि प्रत्येक जण किती वेळ थांबतो. कारखान्यांपासून दवाखान्यांपर्यंत हा नियम वापरला जातो. तो क्रीपरच्या फार्मला लावून बघा. जागा ७०. प्रत्येक प्राणी सरासरी ७० सेकंद जिवंत राहत असेल तर सेकंदाला एकाहून अधिक प्राणी मिळूच शकत नाही, मग मजले चार असोत की चाळीस. तोच काळ १० सेकंदांवर आणला तर मर्यादा सातपट होते. (जन्माच्या इतर अटींमुळे प्रत्यक्ष आकडा याहून कमी येतो, पण ही कमाल ओलांडता येत नाही.) म्हणून उत्पन्न वाढवायचे दोन रस्ते राहतात. फार्ममधला प्राणी लवकर मारायचा, आणि फार्मबाहेर कोणाला जन्मू द्यायचे नाही. दुसऱ्या रस्त्यात खेळाडू फार्मला हातही लावत नाही. तो आसपासच्या गुहांत मशाली लावत फिरतो. फार्म आहे तसाच राहतो आणि दारू कैक पटींनी वाढते. माझ्या मते फार्म बांधणाऱ्याची खरी समज इथे दिसते.

गुहा उजळणे कंटाळवाणे काम आहे, म्हणून पुष्कळ जण समुद्रावर, फार उंच फार्म बांधतात. समुद्रसपाटी ६३ च्या आसपास असते. त्यावर १२८ ठोकळे, म्हणजे १९१ च्याही वर खेळाडू उभा राहिला की समुद्र, त्याचा तळ आणि तळाखालच्या गुहा सगळे त्याच्या वर्तुळाबाहेर जाते. तिथे कोणी टिकत नाही आणि ७० च्या ७० जागा फार्मला मिळतात. पण उंचीचीही किंमत आहे. प्राणी जन्माला घालताना खेळ जमिनीवरचा एक बिंदू निवडतो आणि मग जगाच्या तळापासून त्या ठिकाणच्या सर्वांत वरच्या ठोकळ्यापर्यंत कोणतीतरी एक उंची चिठ्ठीने काढतो. तळ उणे ६४ वर आहे. फार्मचे छत २०० वर असेल तर सुमारे २६५ उंचींमधून एक निघते, आणि बहुतेक चिठ्ठ्या फार्मखालच्या रिकाम्या हवेत वाया जातात. फार्म तळाजवळ असता आणि त्याच्यावर काहीच नसते तर? मग बहुतेक चिठ्ठ्या फार्मवरच पडल्या असत्या. हा विचार टोकाला नेणारे खेळाडू आहेत. सायक्राफ्टसारख्या सर्व्हरवरची मंडळी परिसरातली जमीन डोंगरांसकट तळाच्या अभेद्य खडकापर्यंत खणून काढतात आणि त्या खड्ड्याच्या बुडाशी फार्म बांधतात. अशा खड्ड्याला ते 'पेरिमीटर' म्हणतात. त्यात लाखो ठोकळे हलवावे लागतात. खणायलाही मग टीएनटी उडवणारी यंत्रे बांधतात, आणि टीएनटीला पुन्हा दारूच लागते.

वाहतुकीविषयी थोडेच सांगायचे आहे. हॉपर आठ टिकांना एक वस्तू पुढे सरकवतो, म्हणजे सेकंदाला अडीच आणि तासाला ९०००. आपल्या ५७६ च्या हिशोबाला एक हॉपर उरून पुरतो. मोठ्या फार्ममध्ये तो कमी पडतो आणि वस्तू पाण्याच्या प्रवाहावर सोडाव्या लागतात. हॉपरला पाच लगडी लोखंड लागते, त्यामुळे जवळपास प्रत्येक खेळाडूचा पहिला मोठा फार्म लोखंडाचा असतो. गावकऱ्यांना झॉम्बी दिसला की ते घाबरतात, आणि तिघे घाबरले की त्यांच्या रक्षणाला लोखंडी गोलेम अवतरतो. त्याला लाव्ह्यात मारले की तीन ते पाच लगडी मिळतात. या फार्ममध्ये गावकऱ्यांना कायमचे भयात कोंडून ठेवावे लागते. ती नुसती आकडेमोड आहे हे मला माहीत आहे, तरी हा फार्म मला आवडत नाही. काही लहान मुले तो बांधायला नकार देतात, आणि मला त्यांचे कौतुक वाटते.

आता एका पेटीत ऊस आहे आणि दुसरीत दारू. २०२४ च्या जूनपर्यंत इथे हाताचे काम सुरू होई. माल कितीही आपोआप आला तरी कागद करायला आणि रॉकेट वळायला खेळाडूलाच टेबलापाशी उभे राहावे लागे. १३ जून २०२४ ला आलेल्या १.२१ या आवृत्तीत 'क्राफ्टर' नावाचा ठोकळा मिळाला आणि ही कोंडी फुटली. त्याला नऊ खाने असतात, नको ते खाने बंद करता येतात, आणि रेडस्टोनचा एक इशारा दिला की आत असलेल्या वस्तूंमधून एका कृतीचा माल तयार करून बाहेर टाकतो. उसाचे काम सरळ आहे: एका ओळीतले तीन खाने उघडे ठेवायचे, बाकी बंद, ऊस आत येतो, तीनही खान्यांत समान वाटला जातो, कागद बाहेर पडतो.

रॉकेटच्या वेळी मात्र क्राफ्टर अडतो, आणि का अडतो हे बघण्यासारखे आहे. उघडे खाने दोन, एक कागदासाठी आणि एक दारूसाठी. पण कोणता खाना कोणाचा हे क्राफ्टरला ठाऊक नसते. तो येणारी वस्तू आधी रिकाम्या खान्यात ठेवतो. लागोपाठ दोन कागद आले तर दोन्ही खान्यांत कागद जाऊन बसतो, दारूला जागा उरत नाही आणि सगळी साखळी थबकते. उपाय असा, की सुरुवातीलाच एका खान्यात कागदाची आणि दुसऱ्यात दारूची थोडी थप्पी ठेवायची आणि ती कधीही पूर्ण संपू द्यायची नाही. खाना रिकामा झाला नाही की तो परक्याच्या हाती जात नाही. माल पुरवणाऱ्या हॉपरमध्ये किती उरले आहे ते कम्पॅरेटर हा ठोकळा मोजतो आणि माल कमी झाला की क्राफ्टरचा इशारा थांबवतो. ही गोष्ट जमली की कांडीपासून रॉकेटपर्यंत कुठेही हात लावावा लागत नाही.

अशी रचना कायम टिकेल याची मात्र खात्री नसते, कारण नियम बदलणारे लोक स्टॉकहोममध्ये बसलेले आहेत. २०१९ पूर्वी खेळात गाव ओळखले जाई ते दारांवरून, म्हणून लोखंडाच्या फार्ममध्ये शेकडो दारे उभी केलेली असत. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आलेल्या १.१४ ने गाव खाटांवरून आणि माणसांवरून मोजायला सुरुवात केली आणि ते सारे फार्म एका दिवसात बंद पडले. त्यानंतर 'झिरो-टिक' फार्मची पाळी आली. उसाखालचा ठोकळा पिस्टनने क्षणात हलवून परत आणला की खेळ त्या उसाची तपासणी करी, आणि त्या तपासणीतच वाढीचा नियमही चालून जाई. म्हणजे चिठ्ठीची वाट न बघता ऊस धडाधड वाढे. २०२० मध्ये १.१६ ने तपासणी आणि वाढ वेगळी केली आणि हा मार्ग बंद झाला. तेव्हा पुष्कळ खेळाडू चिडले. मला तो बदल योग्य वाटतो. चिठ्ठीचे घड्याळ हीच या जगातली शेती आहे, आणि ते चुकवले की किती रोपे लावायची, त्यांची तोड कशी करायची, या प्रश्नांना काही अर्थ राहत नाही.

शेवटची कोंडी खेळातली नाहीच. सेकंदाला २० टिक टाकायचे तर एका टिकमधली सगळी कामे ५० मिलिसेकंदांत आटोपली पाहिजेत: प्राणी कुठे चालला, पाणी कुठे वाहिले, कोणता हॉपर रिकामा, तीन चिठ्ठ्या कोणाच्या. फार्म वाढत गेले की ही कामे वाढतात. रिकामा हॉपर वर काही आले का हे सतत तपासत असतो, आणि असे हजार हॉपर हा संगणकावरचा खरा भार आहे. ५० मिलिसेकंद ओलांडले की जगाचे घड्याळच मंदावते. मग ऊसही हळू वाढतो, क्रीपरही हळू पडतात, आणि फार्म वाढवल्याने उत्पन्न घटते. म्हणून जाणते खेळाडू हॉपरच्या लांब रांगा टाळून पाणी वापरतात, रिकाम्या हॉपरच्या डोक्यावर बंद डबा ठेवून त्याची तपासणी हलकी करतात, आणि प्रत्येक फार्मला एक खटका लावतात. पेटी भरली की फार्म बंद.

ज्यांच्या घरी हा खेळ आहे त्यांनी लहान प्रमाणावर हे पडताळून बघावे. पाण्याच्या कडेला उसाची दहा रोपे ओळीने लावा, वर सांगितल्याप्रमाणे प्रत्येकामागे ऑब्झर्व्हर आणि पिस्टन, बुडाशी चिखल आणि खाली हॉपर ठेवा. पहिला तासभर पेटीतला ऊस मोजू नका, सगळ्या रोपांना आपापल्या लयीत येऊ द्या. मग पेटी रिकामी करून, आसपासच राहून, पुढचा एक तास मोजा. ३३ च्या आसपास कांड्या यायला हव्यात. चार-पाच इकडे-तिकडे झाल्या तर तो चिठ्ठीचा खेळ. पण २० च आल्या, तर ऊस कुठेतरी अडतो आहे. तुम्ही दूर गेल्याने तो भाग झोपला असेल, एखाद्या रोपाचा पिस्टन चुकीच्या उंचीवर असेल, नाहीतर कांड्या उडून हॉपरबाहेरच्या मातीवर पडत असतील. आधी ही तिसरी शक्यता तपासा.